सभेचे स्थळ अध्यक्ष ठरवतील

माझ्याकडून होकार काढून घेणारा माणूस मिरजेत अजून जन्माला आलेला नाही. यंत्र मात्र जन्माला आले होते, आणि त्याने आपले काम उरकलेही होते. मला ते कळले वसतिगृहाच्या भोजनगृहात.

हे वसतिगृह माझ्या सासूबाईंनी बांधले. तंत्रशिक्षणासाठी आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुली येथे राहतात, आणि विश्वस्त मंडळाची अध्यक्ष या नात्याने त्यांच्या डोक्यावरच्या छपराला मी जबाबदार आहे. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पाहणीस गेले, तर दोन अनोळखी पुरुष बूट घालून जेवणाच्या बाकांवर उभे होते आणि भिंतींची मापे घेत होते.

"आधी बाकावरून उतरा," मी म्हणाले. "मग आपण कोण ते सांगा."

ते उतरले. एका रुग्णालयसमूहाची माणसे होती. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी येथे निवास होणार होता. परीक्षा संपल्या की मुलींनी जागा रिकामी करायची होती.

"कोणाच्या परवानगीने?"

"आपल्याच, मॅडम." त्यांच्यातल्या चष्मेवाल्याने गोंधळून फोन माझ्यापुढे धरला. विश्वस्तांच्या मागच्या दूरसभेचे चित्रण होते. पडद्यावर मी होते. चेहरा तुकतुकीत, डोळ्यांत माया, आवाज लोण्यात बुडवून काढलेला. मी म्हणत होते, "घ्या. सगळंच घ्या. माझ्या अंगावरचं लुगडंही घ्या."

"आमच्या संचालकांना फार भरून आलं," चष्मेवाला म्हणाला. "लुगड्याची तशी गरज नाही, मॅडम."

ही वाक्ये मी उच्चारली होती, यात शंका नाही. पण ज्या स्वरात उच्चारली होती, तो स्वर ऐकून कोणताही शहाणा माणूस चपला हातात घेऊन दाराबाहेर पडला असता.

घरी आल्यावर मी राजमतीच्या खोलीचे दार वाजवले. राजमती माझ्या धाकट्या दिरांची पत्नी. तीही विश्वस्त आहे, आणि वसतिगृहाचे स्वयंपाकघर आयुष्यभर तिनेच सांभाळले. आम्ही दोघी विधवा एका छपराखाली राहतो, याचा अर्थ आम्ही एकमेकींशी बोलतो असा कोणी घेऊ नये. दूरसभेलाही ती आपल्या खोलीत, आपल्या फोनवर बसते. मध्ये एक भिंत असते आणि ती दोघींनाही पुरेशी जाड वाटत नाही.

"सभेत मी काय म्हणाले ते तू ऐकलंस?"

"दोनदा ऐकलं," मेथी निवडता निवडता ती म्हणाली. "एकदा भिंतीतनं, एकदा फोनमधनं."

"मग?"

"भिंतीतनं नेहमीच्या जाऊबाई आल्या. फोनमधनं दुसऱ्याच. त्या फार चांगल्या आहेत बघा. कधी आवाज चढवत नाहीत."

"आणि तू मला हे सांगितलं नाहीस."

"चांगल्या माणसाची चहाडी कोण करील?"

"वसतिगृह देऊन टाकायच्या ठरावाच्या बाजूने मत दिलंस तू. मला काय म्हणायचं होतं, हे माहीत असताना."

"सभा फोनवर होती, जाऊबाई," ती देठे बाजूला सारत म्हणाली. "भिंतीवर नव्हती."

त्या रविवारी माझा मुलगा भरतेश याचा कॅलगरीहून फोन आला. मंडळाचा चिटणीस तो, आणि ठरावही त्याचाच. मी त्याला जे सुनावले ते येथे लिहिण्याजोगे नाही. पडद्यावर तो प्रसन्न चेहऱ्याने ऐकत राहिला आणि शेवटी नेहमीच्या नम्र स्वरात म्हणाला, "तू म्हणशील तसं, आई." तेव्हा प्रथमच माझ्या मनात आले, की भरतेशच्या आणि माझ्यामध्ये तर भिंतही नाही; तिकडून खरे काय येत असेल ते मी तरी कधी ऐकले आहे?

मी दूरध्वनी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. तारेतून काय जाते आणि काय जात नाही, हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. वाचकांसाठी मात्र थोडे शास्त्र सांगते.

पूर्वी पडद्यावर दिसणारे चित्र आणि ऐकू येणारा आवाज आवळून पाठवत. वाटेत काही गहाळ झाले तर ते गहाळ झालेले दिसे. चित्र फुटे, आवाज तुटे. पुढे कंपन्यांच्या ध्यानात आले, की चेहरा पाठवण्याची गरजच नाही. भुवई किती उचलली, ओठ किती विलगले, पापणी केव्हा लवली, एवढे मूठभर आकडे पाठवले तरी पुरतात. पलीकडच्या यंत्राने तुमच्या चेहऱ्याचा अभ्यास आधीच केलेला असतो. ते आकड्यांवरून तुम्हांला पुन्हा रेखाटते. आवाजाचेही तसेच. शब्द आणि स्वराचे चारदोन आकडे जातात, आणि यंत्र तुमच्या गळ्याने बोलते. चित्र फुटणे बंद झाले. लोक आनंदले.

पण जो रेखाटू शकतो, तो जरा बरे रेखाटण्याचा मोह आवरू शकत नाही. 'स्नेहसेतू' नावाच्या सेवेने सौजन्यपातळी नावाची सोय आणली, ती आधी ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेऱ्यांसाठी. तेथे भांडणे थांबली. मग ती सोय घरोघरच्या फोनांत आपोआप चालू राहू लागली, आणि ती बंद करण्याचे बटण कोठे आहे हे काही वर्षांत सगळे विसरून गेले. कायद्याने एकच बंधन घातले: शब्दाला हात लावायचा नाही. कंपनी ते इमानाने पाळते. ती फक्त स्वराला आणि चेहऱ्याला हात लावते.

आता उपरोध कोठे राहतो ते पाहा. 'या, बसा' हे शब्द पाहुण्याला पाटावर बसवतात आणि तेच शब्द उशिरा उठलेल्या सुनेला जमिनीत गाडतात. शब्द एका दिशेला, स्वर दुसऱ्या दिशेला, आणि या दोहोंमधल्या अंतरात उपरोधाची वस्ती असते. यंत्राला ते अंतर म्हणजे बिघाड वाटतो. गोड शब्दाबरोबर कडू स्वर आला, की स्वर वाटेत नासला असे समजून ते तो दुरुस्त करते. मगदूमांच्या घराण्यात थेट 'नाही' म्हणण्याची पद्धत नाही. आमचा नकार होकाराचे कपडे घालून बाहेर पडतो. यंत्राने कपडे पाहिले आणि त्याला सन्मानाने आत घेतले.

मंडळाची घटना सासूबाईंनी लिहवून घेतली, तेव्हा दूरसभा कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. त्यात एक कलम आहे: सभेचे स्थळ अध्यक्ष ठरवतील. मी फेरसभा बोलावली आणि स्थळ म्हणून माझ्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता कळवला.

तो सर्व्हर त्या क्षणी अस्तित्वात नव्हता, ही गोष्ट वेगळी.

ह्यांच्या खोलीतला जुना संगणक मी पुसून घेतला. ब्राउझर नावाच्या वस्तूला लोक पाने उघडण्याची खिडकी समजतात. परंतु त्याच्या पोटात कॅमेरा उघडण्याची, आवाज उचलण्याची आणि दुसऱ्या ब्राउझरशी थेट बोलण्याची सगळी विद्या पूर्वीपासून आहे. मध्ये कंपनी लागत नाही. सर्व्हरचे काम आमच्या काळच्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरबाईसारखे असते. हा अमुक, तो तमुक, अशी दोघांची गाठ घालून द्यायची आणि बाजूला व्हायचे. एक अट मात्र ब्राउझर सोडत नाही: ज्या पत्त्याकडे ओळखीचे प्रमाणपत्र नाही, त्याला तो कॅमेरा देत नाही. हे मला पटले. मीसुद्धा अनोळखी माणसाला बैठकीच्या पुढे येऊ देत नाही. प्रमाणपत्र मिळवले, पत्त्याला 'मगदूमसभा' असे नाव दिले, आणि मग ब्राउझर आवाजावर आपल्या मनाने जी रंगसफेदी करतो, म्हणजे गोंगाट पुसणे, चढता आवाज उतरवणे, खरखर झाकणे, ती एकेक करून सगळी बंद केली.

चाचणीसाठी जयसिंगपूरच्या जिनगोंडा पाटलांना बोलावले. ते आमचे चौथे विश्वस्त. वयाने माझ्याहून मोठे, आणि मागच्या सभेत मतदानाच्या वेळी झोपलेले. पडद्यावर ते आले, पण विहिरीत पडलेल्या माणसासारखे नुसतेच हात हलवत राहिले. आवाज नाही, आणि थोड्या वेळाने चित्रही गोठले. दोन्ही घरांचे राउटर एकमेकांना दार उघडत नव्हते. अशा वेळी सर्व्हरला बाजूला होऊन चालत नाही. एकाचे पाकीट न फोडता दुसऱ्याच्या हाती देणारा हमाल त्याला व्हावे लागते. तीही व्यवस्था मी बसवली. मग एकदम खणखणीत आवाज आला.

"वहिनी, तुमच्या मागं कुकर बोंबलतोय."

"कळलं मला."

"नाही, राहू दे, राहू दे. बरं वाटलं. हल्ली फोनवर सगळी माणसं बस्तीत देवापुढं बसल्यासारखी बोलतात. कुणाच्या घरात कुकर म्हणून नाही."

हिशेब सरळ होता. मुलींचे छप्पर राखायचे तर चार विश्वस्तांपैकी तिघांनी जुना ठराव रद्द करायला हवा होता. जिनगोंडा माझ्या बाजूने होते. भरतेश विरुद्ध होता. राहिली राजमती, आणि ती सभेच्या दिवसापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी संध्याकाळी सभा भरली. भरतेशकडे सकाळ होती. राजमती आपल्या खोलीत, जिनगोंडा आपल्या ओसरीवर. भरतेशची चौकट सर्वांत शेवटी उघडली आणि मी त्याला ओळखायला क्षणभर थांबले. डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. दाढीचे खुंट पांढरे झाले होते. स्नेहसेतूवरचा माझा मुलगा काही वर्षांपूर्वी विमानात बसला होता तेवढाच राहिला होता.

"आलात, चिटणीससाहेब?" मी म्हणाले. "आमच्या गरिबाच्या सर्व्हरला पाय लागले."

तो मनापासून हसला. "आलो की, आई. छान केलंयस सगळं."

हे वाक्य त्या स्वरात ऐकून माझे कोणतेही अपत्य हसू शकत नाही. मी नीट पाहिले. त्याच्या कानात वालाच्या दाण्याएवढे काहीतरी होते. स्नेहसेतूचे ते कर्णयंत्र मी जाहिरातींत पाहिले होते. तिकडे माणसे ते घरातही काढत नाहीत आणि नवराबायकोसुद्धा त्याच्यातूनच एकमेकांशी बोलतात, असे ऐकून होते. माझी तार प्रामाणिक आवाज घेऊन समुद्र ओलांडून गेली होती, आणि शेवटच्या बोटभर अंतरात ती लुटली गेली होती.

"भरत, कानातलं काढ."

"अगं, ते सगळेच—"

"काढ म्हणते ना."

चाळिशी उलटलेल्या माणसाने मान खाली घालून कानातले काढले. "हं. बोल."

"मी मघापासून बोलतेच आहे. तू आत्ता आलास."

तो दचकला. "तुझा आवाज असा कधी झाला?"

"म्हातारी झाले तेव्हा. तुला कळवायचं राहिलं."

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले आणि त्याच्या जागी जे आले, ते मी आरशात पुष्कळदा पाहिलेले आहे. "अच्छा. टोमणा पोचावा म्हणून हा सगळा खटाटोप होय. फार मोठं कार्य केलंस आई. चौकात फलक लावायला हवा."

"टोमणा जमला," जिनगोंडा आपल्याशीच पुटपुटले, पण आता पुटपुटणेही सर्वांना ऐकू येत होते.

"मुलींना रस्त्यावर काढायला तुला माझं नाव लागलं," मी म्हणाले.

"तू होकार दिलास."

"तो होकार नव्हता, हे माझ्या पोटी जन्मलेल्या माणसाला कळायला हवं होतं."

"मग नकार का नाही दिलास? सरळ, एका शब्दाचा? आयुष्यात कधी दिलायस?" त्याचा आवाज चढला. माझ्या सर्व्हरने तो उतरवला नाही. "वसतिगृहाच्या जिन्यावरून पडलीस, तेव्हा मी विचारलं होतं, येऊ का? काय म्हणालीस तू?"

"म्हणाले, तुझ्यावाचून इथं कुणाचं अडलंय."

"इतक्या मायेनं म्हणालीस, की मला वाटलं, खरंच नाही अडत. काढलेलं तिकीट रद्द केलं मी. आणि मग ठरवलं, तू तर ऐकणार नाहीस, तो जिनाच नको. ती इमारतच नको."

"माझ्या एका गुडघ्यापायी तू इतक्या पोरींचं छप्पर काढलंस?"

"हो. काढलं. आणि पुन्हा काढीन." तो कॅमेऱ्याजवळ आला. "आणि मी दर वेळी 'तू म्हणशील तसं' म्हणायचो ना, ते दातओठ खाऊन म्हणायचो. तुला काय ऐकू यायचं?"

"आज्ञाधारक मुलगा."

"तसा कुणी नाहीये."

"दिसतंय."

"भांडण पुरे झालं असेल तर मत घ्या," जिनगोंडा म्हणाले. "माझं मत, ठराव रद्द. पोरी राहू द्या."

"ठराव कायम," भरतेश म्हणाला.

राजमतीच्या चौकटीत तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. फोन तिला कधीच नीट धरता आलेला नाही.

"राजमती, तुझं मत?"

"माझं कशाला? तुम्ही आहात की. इतकी वर्षं चुलीपुढं मी आणि खुर्चीत तुम्ही. चाललंच ना माझ्या मतावाचून."

"सभेत मत विचारलं की द्यायचं असतं."

"विचारलंत कुठं? हुकूम सोडलात." फोन हलला आणि तिचे दोन्ही डोळे पडद्यावर आले. "मत पाहिजे तर मागा. टोमणा न मारता मागा. तुम्हाला येतं का, ते तरी बघू."

जिनगोंडांच्या ओसरीपुढून एक मोटरसायकल गेली, तिचा आवाज विरेपर्यंत सगळे थांबले. स्नेहसेतूने हे काम माझ्यासाठी चुटकीसरशी केले असते. मी दरडावले असते आणि तिच्या कानी विनंती पडली असती. मला मान तुकवावी लागली नसती. माझ्या तारेत मात्र मी असे कोणी ठेवले नव्हते, जे माझ्याऐवजी मऊ होईल. वसतिगृहात दिव्याखाली बसून पाठ करणाऱ्या मुली माझ्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांना अजून कोणी काही सांगितले नव्हते.

मी म्हणाले, "राजमती, तुझ्यावाचून माझं अडलं आहे."

भरतेशच्या बोटांत ते कर्णयंत्र होते, पुन्हा कानात घालण्याच्या बेतात. हात तसाच राहिला.

"ऐकू आलं नाही," राजमती म्हणाली. "तुमचं ते मशीन चिकटलं वाटतं."

"माझ्या सर्व्हरमध्ये कोणताही दोष नाही."

"मग माझ्या कानात असेल."

ती मला दुसऱ्यांदा म्हणायला लावत होती, हे सभेतल्या प्रत्येकाला कळत होते. मी म्हणाले. तितक्याच स्पष्टपणे, तितक्याच सावकाश. "तुझ्यावाचून माझं अडलं आहे. मुलींचंही."

"फोनमधल्या जाऊबाईंनी हे जास्त गोड म्हटलं असतं," ती म्हणाली. "पण त्यांचं मी खरं मानलं नसतं. ठराव रद्द."

जिनगोंडांनी हात जोडले आणि त्यांची चौकट गेली. राजमतीची चौकट छत दाखवू लागली, मग तीही गेली. भरतेश उरला.

"माझा विरोध इतिवृत्तात लिही."

"लिहिला."

"मी हे असंच सोडणार नाही. तो जिना, ती इमारत, तुझी ती अध्यक्षाची खुर्ची, सगळ्याचा सोक्षमोक्ष लावणार आहे."

"लाव. बघते मी."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मीही नजर काढली नाही. दोन्हीकडच्या डोळ्यांवर कोणी माया चोपडत नव्हते. मग तो ओठ आवळून म्हणाला, "येतो मी."

पडदा काळा झाला.

निरोप घेताना आमच्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतात आणि जातात. भरतेशही आजवर दर रविवारी तसेच म्हणून गेला होता. मी संगणकापुढे बसून राहिले.

दारात राजमती आली. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ती केव्हापासून आली नव्हती, हे मला आठवत नाही.

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"म्हणजे फोन ठेवला."

"नाही. येतो म्हणाला."

तिने माझा चेहरा निरखला आणि मग खुर्चीच्या पाठीला हात टेकला. "भांडायला येतोय का राहायला?"

"माडीवरची खोली झाडून घ्यायला हवी," मी म्हणाले. "आपल्याकडे दोन्हींसाठी तीच एक आहे."